गारव्याची कैफियत

रसिक : आबा, किल्ल्याच्या टेकडीवरून उतरणाऱ्या वाऱ्यास धग आली आणि आग्रा रोडवर भर दुपारी माणूस दिसेनासा झाला, म्हणजे दारी आलेल्यास काय प्यावयास द्यावे, हा प्रश्न सोनगीरच्या गृहस्थास टाळता येत नाही; आणि ज्या अर्थी तो टाळता येत नाही, त्या अर्थी त्याचे उत्तर दुकानातल्या रंगीत बाटलीवर सोपवून मोकळे होणे ही मला आतिथ्यातील कसूर वाटते. माझी शिफारस साधी आहे. पोसलेल्या, पण पाड न लागलेल्या दोन कैऱ्या निखाऱ्यावर भाजून, साल उतरवून, कोयीस चिकटलेला गर बोटांनी सोडवून घ्यावा. तो वाटीभर निघाला, तर दीड वाटी चिरलेला गूळ त्यात कुस्करावा. मग परसातल्या पुदिन्याची वीसएक कोवळी पाने, भाजलेले जिरे आणि चिमूटभर पादेलोण खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचून त्यात मिसळावे, आणि माठातले आठ वाट्या पाणी घालून ढवळावे. पाने ठेचावयाची, वाटावयाची नाहीत. कारण पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असतो आणि तो सुटावयास एकदोन ठोके पुरतात. पाटा-वरवंट्याखाली त्याचा लगदा केला, की सुगंधाच्या आधी कडवटपणा वर येतो. असे पन्हे पेल्यात ओतले, म्हणजे उन्हाने मिटलेले डोळे उघडतात, हा खानदेशात कोणासही येणारा अनुभव आहे.

चिकित्सक : भाऊ, माझी उभी हयात महसुलाच्या दप्तरात गेली, तेव्हा शिफारस पुढे आली की तिच्यामागचा दाखला मागण्याची खोड आता सुटणे नाही. पन्ह्याविषयी माझी तकरार नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याच्या डाळीबरोबर ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिले जाते, आणि त्यात वेलदोडा असतो, ऐपतीप्रमाणे केशराच्या दोन काड्या असतात, पुदिना नसतो. पण परंपरेचा मुद्दा मी बाजूस ठेवतो, कारण त्यावर तुम्ही मला लाल मिरचीची आठवण करून द्याल.

रसिक : देणारच होतो. पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची या देशात उतरली नसती, तर ज्या काळ्या मसाल्याच्या नावाने खानदेशी माणूस छाती फुगवतो तो आज कसा लागला असता, याची कल्पना करून पाहा. आणि आपले गाव तर उत्तरेच्या हमरस्त्यावर वसलेले. माळव्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दळ येथे पूर्वापार. अशा गावाने परक्या पानास परके म्हणावे हे शोभत नाही.

चिकित्सक : म्हणूनच तो मुद्दा मी सोडला. माझा खरा आक्षेप असा, की पुदिना गारवा देत नाही, गारव्याची खोटी वर्दी देतो. जिभेच्या आणि कातडीच्या मज्जातंतूंत थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो. तापमान उतरले की तो उघडतो आणि मेंदूस कळवतो. मेंथॉल नावाचे द्रव्य त्याच ग्राहकास स्पर्श करून तीच वर्दी देववते, तापमान एका अंशानेही न उतरता. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत हा ग्राहक स्वतंत्रपणे हुडकल्याचे 2002 साली प्रसिद्ध झाले, आणि उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील एकूण कामासाठी 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. शिवाय ज्या पुदिन्याची तुम्ही एवढी भलावण करता, त्या आपल्या परसातल्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल नावापुरतेच असते. त्याचा सुगंध मुख्यत्वे कार्व्होन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याचा. मेंथॉल काढतात तो जपानी पुदिना उत्तर प्रदेशात, बाराबंकीकडच्या शेतांत पिकतो. म्हणजे तुमच्या पेल्यातला गारवा हा मूळचा भास, आणि त्या भासाचीही पातळ नक्कल. पाहुण्याच्या तोंडात तापमापक धरून तुमचा दावा तपासावयाचा म्हटले, तर अर्ज पहिल्याच सुनावणीस नामंजूर होईल.

रसिक : भास आहे म्हणून तो निकामी आहे, हे अनुमान मला मान्य नाही. वेलदोड्याने पन्ह्याचे पोषण वाढत नाही, केशराने त्याची शक्ती वाढत नाही, तरी त्यांस आपण खोटे म्हणत नाही. पेय हे औषध नव्हे, की प्रत्येक घटकाने आपले काम मोजून दाखवावे. उन्हात होरपळून आलेल्या माणसास प्रथम हवी असते ती सुटकेची जाणीव, आणि ती जर एखादे पान देत असेल, तर ती जाणीव कोणत्या मार्गाने मेंदूत शिरली याची चौकशी त्या माणसाने का करावी?

चिकित्सक : त्याने करू नये, पण त्यास पाजणाऱ्याने केलीच पाहिजे, कारण येथे भासाची किंमत शरीर मोजते. जरा हिशेब करू. पाच अंशांचे, म्हणजे बर्फ टाकलेले, 200 मिलिलिटर पाणी पोटात गेले, की ते शरीराच्या 37 अंशांपर्यंत तापताना सुमारे साडेसहा किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. तेच 200 मिलिलिटर पाणी पुढे घाम होऊन कातडीवरून उडून गेले, तर सुमारे 115 किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे पाण्याच्या थंडपणाचे काम त्याच्या वाफ होण्याच्या कामाच्या जेमतेम अठराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. आणि तुमचा पुदिना तर त्या थंडपणाचाही केवळ मुखत्यार. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, मधूनमधून 44-45 पर्यंत जातो, आणि तरीही माणूस तग धरतो तो वाऱ्याच्या कोरडेपणामुळे. कोकणात घाम अंगावर निथळत राहतो, येथे तो दिसण्यापूर्वीच उडतो. ज्या नियमाने माठातले पाणी निवते त्याच नियमाने माणूस निवतो. तेव्हा उन्हाळ्यातल्या पेयाचे एकच खरे कर्तव्य उरते, घामास लागणारे पाणी शरीरात पुरेसे जमा करणे. आणि नेमके तेथेच पुदिना घात करतो. तोंडात गारवा पसरला, की तहान भागल्याचा निरोप मेंदूस मिळतो. पाणी आतड्यांतून रक्तात उतरावयास अवधी असतो, पण तहान त्याआधीच मान्य झालेली असते. नांगरटीहून आलेला गडी साध्या पाण्याचा तांब्या घशात रिचवील. तुमच्या सुगंधी पन्ह्याचा अर्धा पेला पिऊन तो "बस, बरं वाटलं" म्हणून ओसरीवर आडवा होईल. बरे वाटणे आणि बरे असणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे जमाबंदीच्या कागदात आणि शेतातल्या पिकात असते.

रसिक : हिशेब बिनचूक आहे, पण त्यात तुम्ही धरलेला माणूस फार सोयीचा आहे. नांगर हाकणारा धट्टाकट्टा गडी तांब्या रिचवतो, हे खरे. पण उन्हाळ्यात झळ लागून अंथरूण धरतात ते कोण? दिवसभर चुलीपुढे बसून पापड, कुरडया आणि आखाजीचे खापरावरचे मांडे करणाऱ्या बाया, ज्यांस पाणी प्यावयाचे स्मरण सर्वांचे जेवण झाल्यावर होते. खेळाच्या नादात तहान विसरणारी पोरे. आणि, राग मानू नका आबा, तुमच्यासारखे वडीलधारे, कारण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, हे वैद्यकाने मान्य केलेले आहे. या सर्वांच्या पुढे साध्या पाण्याचा लोटा ठेवला, तर दोन घोट घेऊन तो खाली ठेवला जातो. त्यात थोडे आंबट, थोडे खारट, थोडे सुगंधी असे काही असले, तर माणूस सहज जास्त पितो. हेही पुष्कळ वेळा तपासले गेले आहे. तुमचे म्हणणे असे, की पुदिन्याने तहान लवकर विझते. माझे म्हणणे असे, की ज्यास तहान लागतच नाही त्यास पुदिना पाण्यापर्यंत आणतो. एकच पान एकास लवकर उठवते आणि दुसऱ्यास पंगतीस बसवते, तर दोष पानास द्यावयाचा की वाढणाऱ्यास?

चिकित्सक : तुमचा हा मुद्दा दाखल करून घेतो, आणि माझ्या वयाविषयीचा उल्लेखही. पण आता तुमच्या कृतीतल्या दुसऱ्या रकमेकडे वळू, कारण मला पुदिन्यापेक्षा तिचीच धास्ती अधिक वाटते. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावात आले, पटकीने माणसे मरू लागली आणि शिरेतून द्यावयाचे द्रव संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महलनबीस यांनी पाण्यात साखर आणि मीठ कालवून ते रुग्णांस पाजावयास लावले व असंख्यांचे प्राण वाचवले. त्यातले मर्म असे, की साखर आणि मीठ योग्य प्रमाणात सोबत असली, तर आतडे दोन्ही आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. घरी करावयाच्या द्रावणाचे आज सांगितले जाणारे प्रमाण लिटरभर पाण्यास सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. म्हणजे साखर पंचवीस-तीस ग्रॅम. आता तुमचे पन्हे पाहा. दीड वाटी गूळ, आठ वाट्या पाणी. लिटरमागे शंभर ग्रॅमांच्या घरात गोडी झाली. ज्या रंगीत बाटलीस तुम्ही आरंभीच नावे ठेवली, तिच्यातली साखरही लिटरमागे साधारण एवढीच असते. मीठ मात्र तुम्ही चिमूटभर घातले, तेही चवीपुरते. एवढे दाट गोड पेय जठरातून सावकाश पुढे सरकते, आणि आतड्यास ते पातळ करण्यासाठी उलट शरीरातलेच पाणी काही काळ उसने घ्यावे लागते. चैत्रगौरीच्या दिवशी वाटीभर पन्हे प्यावयाचे, तेथे हे चालून जाते. उन्हातून आलेल्यास पेल्यावर पेले पाजावयाचे, तर हा नैवेद्य झाला, पाणी नव्हे.

रसिक : येथे मी पुरता सापडलो असे तुम्हांस वाटले असेल, पण तुम्ही नकळत माझीच बाजू बळकट केली. दीड वाटी गूळ का लागतो? कैरीचा आंबटपणा एकटा असतो म्हणून. त्यास सावरावयास गोडीवाचून दुसरे कोणी नसते. त्या आंबटापुढे भाजलेल्या जिऱ्याचा खमंगपणा, पादेलोणाचा दर्प आणि पुदिन्याचा सुगंध उभा करा, म्हणजे गूळ अर्ध्या वाटीवर आणता येतो, गर अर्धा केला तर त्याहूनही खाली, आणि मीठ चिमटीवरून अर्ध्या चमच्यावर नेता येते. तरीही पिणारा तोंड वाकडे करत नाही. वेलदोडा हे करू शकत नाही. तो गोडाचा सोबती, खारट पेल्यात तो केविलवाणा होतो. पुदिना खारटात रमतो. मठ्ठ्यात तो कसा बसतो ते आठवा. तेव्हा मी माझी कृती दुरुस्त करतो आणि पुदिन्याचे समर्थन बदलतो : तो गारवा देतो म्हणून नव्हे, तर तो साखरेची जागा सुगंधाने भरून काढतो आणि मीठ गिळावयास लावतो, म्हणून तो हवा.

चिकित्सक : हे समर्थन पहिल्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे, आणि त्यावर शेरा मारण्यापूर्वी मला विचार करावा लागेल. तोवर एक घरगुती शंका. आपल्याकडे पुदिना वाढतो कोठे? विहिरीने तळ गाठलेल्या गावात त्या पानास वेगळे पाणी कोण घालणार? तो लावतात न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर, आणि तेथे तो माजतोही. तेच पान कच्चे ठेचून तुम्ही पेल्यात घालणार. विषमज्वरास याहून सोपी वाट कोणती?

रसिक : शंका रास्त, उत्तर लहान. पुदिन्यास जमीन लागत नाही; बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पाने काढून पेलाभर पाण्यात ठेवल्या, की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात, आणि फुटक्या घमेल्यात त्या लावल्या, तर माठाखाली पाझरून साचलेल्या पाण्यावर त्या उन्हाळा काढतात. अर्धवट सावली मात्र हवी. पाने मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवून, मग पिण्याच्या पाण्याने दोनतीनदा खळबळावी. आणि कितीही धुतले तरी मोरीकाठचा पुदिना पेल्यात घालू नये, एवढे तुमच्या मनासारखे कबूल करतो. एक लक्षात ठेवण्याजोगे : ठेचलेला पुदिना आंबटात फार वेळ राहिला, की त्याचा हिरवा रंग जाऊन तो शेवाळी-तपकिरी होतो, कारण आम्लाने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते. म्हणून पुदिना आयत्या वेळी घालावा. गर सकाळी काढून ठेवला तरी चालेल. तो गर ठेवावा येथल्याच एखाद्या पितळी पातेल्यात. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आपल्या गावाचे नाव दूरवर, तांबटांच्या हातोडीचा ठोका हा येथल्या गल्ल्यांचा श्वास, आणि सोनगीरच्या घरात पाहुण्यास पन्हे स्टीलच्या भांड्यातून द्यावे, याची मला लाज वाटते.

चिकित्सक : थांबा. इतका वेळ मी वादाच्या हौसेने बोलत होतो. आता गांभीर्याने बोलतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कैरीचे आम्ल त्यास लागले, की तांबे विरघळून गरात उतरू लागते. ताक, चिंच, लिंबू, सर्वांची हीच गत. जुन्या बायका ताक कळकले म्हणून फेकून देत, त्या काही लहरीने नव्हेत. चवीत धातूचा चरा लागतो, काठावर हिरवट-निळसर छटा येते, आणि जो तरीही ते पितो त्यास मळमळ, उलटी, पोटात मुरडा, अशी उन्हाळ्यात सर्वांत नको असलेली पीडा होते. आहे ते पाणीही त्यात जाते. तांब्याच्या घागरीत रात्रभर साधे पाणी ठेवले, तर त्यातले पुष्कळ जंतू मरतात, हा त्या धातूचा गुण. पण आंबट ठेवले, तर तोच गुण उलटतो. आपल्या पूर्वजांनी यावर तोड काढली ती कल्हईची. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, धुराचा लोट उठला की कथलाची कांडी फिरवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने आतून चकाकी चढवावयाची. कथील 232 अंशांसच वितळते, म्हणून साध्या भात्यावर हे काम होते. तो कथलाचा पापुद्रा आंबटास तांब्यापर्यंत पोचू देत नाही. पण घासून घासून तो झिजतो, तळास तांबूस-पिवळे ठिपके दिसू लागतात, आणि पूर्वी दारोदार फिरणारे कल्हईवाले आता हाक ऐकू येण्याइतकेही उरलेले नाहीत. सोनगीरचा अभिमान मलाही आहे. पण गावाची अब्रू पाहुण्याच्या पोटात घालण्यात काय अर्थ? येथल्या घागरीत पाणी भरावे, येथल्या परातीत पीठ मळावे. पन्हे चिनीमातीच्या बरणीत ठेवावे, काचेच्या पेल्यात द्यावे. आणि गारव्याचेच म्हणाल, तर पितळ त्यास नालायक. ते पाझरत नाही. आखाजीस पितरांच्या नावाने आपण घागर भरतो, ती मातीची असते. तीत पुदिना नसतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवा.

रसिक : पितरांस घाम येत नाही, आबा, म्हणून त्यांचे साध्या पाण्यावर भागते. भांड्याच्या बाबतीत मी आपला निवाडा शिरसावंद्य मानतो. पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे. गूळ कमी झाला, मीठ वाढले, पान स्वच्छ झाले. आता तरी उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती पहिल्याप्रथम हे पन्हे द्यावे की नाही?

चिकित्सक : माझे मत : प्रथम माठातले साधे पाणी, पोटभर, नंतर तुमचे पन्हे, हवे तेवढे. तहान जागी आहे तोवर तिच्याकडून काम करून घ्यावे, आणि मग तिची समजूत घालावी.

रसिक : आणि माझे मत याच्या नेमके उलट. साध्या पाण्याचे दोन घोट घेऊन तो पेला ठेवील, मग पन्ह्यास "आता नको" म्हणेल. त्यात संकोचाचाही भाग असतो, कारण मागून आलेली वस्तू यजमानास तसदी देते असे आपल्या माणसास वाटते. हाती आधी पन्हे आले, तर तोंडास चव येईल, ओसरीवर टेकेल, बोलू लागेल, आणि बोलता बोलता माठाकडे दोनदा जाईल. तुम्ही तहानेचा विचार करता, मी पिणाऱ्याचा.

चिकित्सक : दोघांचेही अनुमानच आहे, पुरावा कोणाकडे नाही. पण तो मिळवणे अवघड नाही. शेतावरून आलेल्या माणसांपैकी काहींस तुमच्या क्रमाने द्या, काहींस माझ्या. आणि घाम किती आला, बरे किती वाटले, हे विचारू नका, कारण त्यास तोंडातला पुदिना उत्तर देईल. संध्याकाळी लघवी कशी झाली तेवढे विचारा. ती गडद पिवळीच राहिली, तर पाणी कमी गेले. फिकट झाली, तर पुरेसे गेले. तुमच्या बाजूची माणसे फिकट निघाली, तर पुढल्या वैशाखापासून माझ्या ओसरीवर पन्हे आधी येईल, पाणी मागून. आणि तोवर, तुमच्या स्वयंपाकघरात आंबटासाठी वापरात असलेले एकही पितळी पातेले तळास पिवळे पडले असेल, तर ते उद्याच कल्हईस द्या किंवा माळ्यावर टाका. त्या बाबतीत प्रयोगाची वाट पाहावयाची नाही.